ढगाआडचे ग्रहण

पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष अगदी मिनिटासकट लिहिलेला असतो. आणखी शंभर वर्षांनी चंद्राची सावली कोणत्या गावावरून जाईल, हेही आज सांगता येते. पण त्या दिवशी त्या गावावर ढग असतील की नाही, हे कुठल्याच पंचांगात लिहिलेले नसते. वरचे गणित पक्के आणि खालचे आभाळ बेभरवशाचे. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना ढगांबद्दल कुणी काही सांगायची गरज नाही. आम्ही वर्षभर त्यांची वाट पाहतो. ते आले नाहीत तर हवालदिल होतो, आणि येऊन न बरसता गेले तर जास्तच. पण मंडळी, आपल्याच या मुलखात अशीही माणसे येऊन गेली, की जी समुद्र ओलांडून आली, तंबू ठोकून बसली आणि देवाकडे एवढेच मागत राहिली, की फक्त पाच मिनिटे ढग नको. त्यांना सूर्याचे चित्र घ्यायचे होते. आज त्यांच्याविषयी बोलू.

चंद्र सूर्याच्या आड येतो तेव्हा ग्रहण होते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे चारशे पट मोठा आहे, आणि योगायोग असा, की तो सुमारे चारशे पट दूरही आहे. म्हणून पृथ्वीवरून दोघेही सारख्याच आकाराचे दिसतात. एक दुसऱ्याला बरोबर झाकतो, तेव्हा खग्रास ग्रहण लागते. भर दिवसा अंधार होतो आणि काळ्या चंद्राभोवती एक मोत्यासारखे पांढरे तेज पसरलेले दिसते. त्याला प्रभामंडल म्हणतात. चंद्राच्या कडेला लालसर ज्वाळाही दिसतात. एरवी सूर्याच्या झगमगाटात यातले काहीच दिसत नाही. दोन मिनिटे, पाच मिनिटे, फार तर सात-साडेसात मिनिटे. तेवढ्यात पाहायचे ते पाहून घ्यायचे.

आता अडचण अशी, की डोळ्यांनी पाहिलेले खरे असले तरी हाताने काढलेले चित्र प्रत्येकाचे वेगळे. एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोन विद्वानांनी काढलेली प्रभामंडलाची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. त्या लाल ज्वाळा सूर्याच्या की चंद्राच्या, यावरही वाद होता. म्हणून कॅमेऱ्याची ओढ. १८५१ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्ग इथे खग्रास सूर्याचे पहिले नीट छायाचित्र निघाले. १८६० साली स्पेनमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा ज्वाळा दोन्हीकडे सारख्याच दिसल्या आणि त्या सूर्याच्याच आहेत हे ठरले. पुढचा प्रश्न होता, की या ज्वाळा कशाच्या आहेत? त्याचे उत्तर द्यायला १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण आले, आणि ते आले थेट हिंदुस्थानवर.

तो दिवस श्रावण अमावास्येचा, म्हणजे आपल्या पोळ्याचा. चंद्राची सावली सकाळी कोकणच्या दक्षिण किनाऱ्याकडून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर करीत गुंटूर-मच्छलीपट्टणमकडे निघून गेली. सर्वत्र खग्रास काळ पाच मिनिटांच्या वर-खाली. अहमदपूर त्या पट्ट्याच्या बाहेर उत्तरेला राहिले. आपल्याकडे सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला, पण रात्र झाली नाही. शिंगांना रंग दिलेले, झुली घातलेले बैल आणि सकाळीच मंदावलेले ऊन, असा तो पोळा इथल्या लोकांनी पाहिला असणार, अर्थात आभाळाने पाहू दिला असेल तर. कारण पोळ्याचे दिवस म्हणजे ऐन पावसाळा.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ग्रहण आपल्या सोयीने येत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल यांना पाठवले. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल यांचे हे नातू, हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचे मराठी संस्थान. पुण्याच्या एस. पी. कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते सर परशुरामभाऊ याच घराण्यातले. आज हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. विजापुरात कॅप्टन हेग होते. गुंटूरला मेजर टेनंट छायाचित्रे घेण्याचे मोठे साहित्य घेऊन बसले होते, आणि त्याच गावात फ्रान्सहून आलेले जान्सेन एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरले होते. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन.

आणखी एक नाव सांगतो, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. याच मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी हे एक तुकडी घेऊन वनपर्तीला गेले होते. वनपर्ती म्हणजे निजामाच्या राज्यातले संस्थान. त्या काळी आपले अहमदपूर आणि ते वनपर्ती एकाच हैदराबाद राज्यात होते. रघुनाथाचारींनी त्याच्या आदल्याच वर्षी एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा, शोधून काढला होता. पुढे १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा ते काय आहे हे सामान्य माणसाला समजावे म्हणून त्यांनी देशी भाषांतून पुस्तिका काढली. साहेबांच्या यादीत हा देशी माणूस होता, हे विसरू नये.

आता त्या वेळचे छायाचित्रण कसे होते ते पाहा, म्हणजे ढगाची किंमत कळेल. आज खिशातला फोन काढला की फोटो. तेव्हा काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. चित्र घेतल्यावर काच सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. गरम हवेत काच आणखी लवकर सुकणार. म्हणजे ग्रहण लागण्याच्या नेमक्या आधी काचा ओल्या करायच्या. आधी केल्या तर सुकल्या, नंतर केल्या तर ग्रहण सुटले. आणि काच ओली करून तयार ठेवली असताना सूर्यावर ढग आला तर? ढग जाईपर्यंत काच थांबत नाही. काच थांबली तरी चंद्र थांबत नाही.

गुंटूरला त्या सकाळी पातळ ढग होते. टेनंट यांच्या माणसांनी खग्रास काळात सहा काचा घेतल्या. प्रत्येक काचेला किती वेळ उजेड द्यायचा हे आधीच ठरलेले होते, पण ते हिशेब निरभ्र आभाळाचे. ढगाने मधला उजेड खाल्ला. प्रभामंडल असे काचेवर जवळजवळ उमटलेच नाही. ज्वाळा मात्र उमटल्या. त्यात एक शिंगासारखी वर गेलेली, पीळ पडलेली प्रचंड ज्वाळा होती. तिच्यापुढे आपली पृथ्वी म्हणजे बैलाच्या शिंगाशेजारी ज्वारीचा दाणा. अरबस्तानच्या टोकाला, एडनला, जर्मन तुकडीनेही छायाचित्रांचा घाट घातला होता. तिथेही ढग. त्यांनी ढगांच्या फटीतून मिळेल तेवढे घेतले.

जमखंडीची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. हर्शेल यांना चित्र घ्यायचे नव्हते. त्यांच्याकडे दुर्बिणीला जोडलेला वर्णपटदर्शक होता. लोलकातून उजेड गेला की त्याचे सात रंग होतात, हे आपण जाणतो. जळता वायू असेल तर मात्र सलग रंग दिसत नाहीत, ठराविक जागी ठळक रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. तेव्हा ज्वाळेचा उजेड या यंत्रातून पाहिला आणि त्यात रेघा दिसल्या, की ज्वाळा वायूची हे सिद्ध. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

खग्रास लागले आणि जमखंडीच्या आभाळात ढग सरकत होते. पाच मिनिटांतली मौल्यवान मिनिटे नुसती वाट पाहण्यात गेली. माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसला आहे, बाहेर अंधार आहे, घड्याळ टिकटिक करते आहे आणि समोर फक्त ढग. मग फट पडली. त्या फटीत एक ज्वाळा सापडली, आणि हर्शेल यांना तीन ठळक रेघा दिसल्या. एक लाल, एक नारिंगी, एक निळी. त्यांनी घाईघाईने मोजमाप घ्यायला सुरुवात केली. नारिंगी रेघ सोडियमच्या रेघेच्या जागी आहे, एवढे त्यांना वाटले. पुन्हा ढग आले. ग्रहण सुटले.

त्यांनी नंतर जो अहवाल पाठवला, त्याबद्दल मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. त्यांनी ढग लपवले नाहीत. ढग होते, अमुक वेळ काही दिसले नाही, अमुक इतकेच दिसले, अमुक मोजता आले आणि अमुक राहून गेले, असे त्यांनी सरळ लिहिले. एवढ्या लांबून साहित्य आले, एवढा खर्च झाला, आजोबांचे नाव जगभर झालेले. दुसऱ्या कुणाला मोह झाला असता. पण ज्याचे अपयश खरे लिहिलेले असते, त्याच्या यशावर विश्वास बसतो. त्या तीन रेघांवर जगाने विश्वास ठेवला. ज्वाळा वायूच्या आहेत हे त्याच दिवशी अनेक ठिकाणांहून एकाच वेळी सिद्ध झाले.

गुंटूरला जान्सेन यांनीही त्या रेघा पाहिल्या. त्या इतक्या ठळक होत्या, की त्यांच्या मनात आले, या रेघा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. पण ग्रहण सुटल्यावर लगेच आभाळ भरून आले आणि त्या दिवशी काही करता आले नाही. ही कल्पना डोक्यात घेऊन त्यांना एक अख्खा दिवस आणि एक रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, सूर्य उघडा मिळाला आणि ग्रहणाशिवाय सौरज्वाळेच्या रेघा दिसल्या. हजारो वर्षे जे ग्रहणाच्या चार मिनिटांतच दिसत होते, ते आता रोज पाहता येणार होते. म्हणजे ढगांनी छळलेल्या माणसांनीच ढगांवर तोड काढली.

तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर नावाचा युद्धखात्यातला एक कारकून फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करीत होता. ग्रहण नसताना ज्वाळा पाहण्याची कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याला इंग्लंडमधूनच त्या रेघा दिसल्या. जान्सेन यांचे हिंदुस्थानातले पत्र आणि लॉकयरची बातमी पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले गेले. लॉकयरच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. ती पिवळसर नारिंगी रेघ सोडियमच्या जागेवर नव्हती, थोडी बाजूला होती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात द्रव्याची ती नव्हती. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिओस म्हणतात, त्यावरून त्या अज्ञात द्रव्याचे नाव पडले हेलियम. १८९५ साली विल्यम रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवर सापडला, तोवर बऱ्याच जणांचा त्यावर विश्वास नव्हता.

इथे मला एका लोकप्रिय समजुतीबद्दल बोलायचे आहे. लॉकयरने १८६८ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर बसून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ते असते. अलीकडच्या काळात १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होऊ लागला. किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, त्यांना लोक साहेबाचे ओटे म्हणतात. ओटे खरे आहेत. साहेबही खरा आहे. साल मात्र चुकीचे आहे. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गावर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियमचे नाव पडून गेले होते आणि तो पृथ्वीवर सापडलाही होता.

हे सांगितले की काही मित्रांना वाईट वाटते. महाराष्ट्राच्या मातीतला मान कशाला कमी करता, असे ते म्हणतात. मी त्यांना म्हणतो, मान कमी होत नाही, फक्त आपल्या खऱ्या जागी जातो. ढगांच्या फटीतून ती नारिंगी रेघ ज्यांनी पाहिली, त्यांतले एक ठिकाण आपल्या मराठी पटवर्धनांचे जमखंडी होते. त्या जमखंडीत कुणी ओटा दाखवत नाही, दिवस साजरा करत नाही. दंतकथेच्या आभाळात कधी ढग येत नाहीत, हा तिचा दोष आहे. तिथे साहेब किल्ल्यावर चढतो, दुर्बीण लावतो आणि शोध लागतो. खऱ्या इतिहासात मात्र ढग येतो, काच सुकते, मोजमाप अर्धे राहते आणि शोध पाच-सहा गावांत, दोन-तीन देशांत वाटला जातो.

मोठ्या घटनेला मोठ्या नावाची खुंटी शोधायची माणसाची सवय फार जुनी आहे. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम ज्या दिवशी वारला, त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा दुःखात आहे. पैगंबरांनी लोकांना बजावले, की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणामुळे किंवा जगण्यामुळे ग्रहण लागत नाही. स्वतःच्या दुःखाच्या दिवशी, स्वतःच्या बाजूने उभी राहणारी दंतकथा नाकारायला मोठे मन लागते. आपल्याला तर केवळ एक साल दुरुस्त करायचे आहे.

आता १८९८ कडे वळू, कारण निरभ्र आभाळ काय देऊन जाते हे त्यात दिसते. पौष अमावास्या, थंडीचे दिवस. सावली विजयदुर्गावरून चढली, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून बीड-परभणीच्या मुलखातून वऱ्हाडात तळणी आणि पुलगावला गेली आणि पुढे बिहारात बक्सरकडे. म्हणजे मराठवाडा थेट सावलीच्या वाटेवर होता. अहमदपूर पट्ट्याच्या थोडे दक्षिणेला राहिले. खग्रास काळ जेमतेम दोन मिनिटांचा, पण आभाळ स्वच्छ. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलेले असताना जगभरचे शास्त्रज्ञ आले. विजयदुर्गावर लॉकयरच्या मदतीला एका इंग्रजी युद्धनौकेवरचे खलाशी होते. प्रत्येकाला एकेक काम वाटून दिले होते. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तिची वीस इंची दुर्बीण बरीच वर्षे देशातली सर्वांत मोठी होती. त्यांनी जेऊरच्या कामाचा सविस्तर अहवाल छापला.

तळणीला ॲनी माँडर नावाच्या बाईंनी अगदी लहान भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा लांबच लांब झोत टिपला. सूर्यापासून तो लाखो मैल दूर गेलेला. तोवर एवढा लांब झोत कुणाच्या छायाचित्रात आला नव्हता. चाळीस फुटी कॅमेरा एकीकडे आणि दीड इंची भिंग दुसरीकडे. आभाळ मोकळे असले की लहान भिंगही मोठे काम करते. बक्सरला मात्र गंमत झाली. तिथे इंग्लंडहून आलेले जादूगार नेव्हिल मॅस्केलिन यांनी ग्रहणाचे चलच्चित्र घेतले. आभाळाने काही चोरले नाही, पण परतीच्या वाटेवर ती फिल्म माणसाने चोरली. तेव्हा छायाचित्राचे शत्रू फक्त ढगच असतात असे नाही.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, ११ ऑगस्ट १९९९ ला, खग्रास सावली पुन्हा महाराष्ट्रावरून गेली. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची आवस. घरोघर दिवे घासूनपुसून ठेवलेले आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य झाकला जाणार. सावली गुजरातेतून खानदेश आणि विदर्भावरून गेली. आपल्याकडे खंडग्रास होते. तिकडे इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला हजारो लोक जमले होते आणि वर ढग होते. इकडे भारतातही बहुतेक ठिकाणी पावसाळी ढग. सावलीने सुरुवातही ढगात केली आणि शेवटही.

अहमदपुरात त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांनी एक्स-रेच्या फिल्मा जमवल्या होत्या. डोळ्यांसाठी त्या सुरक्षित नसतात, हे तेव्हा फार कुणाला माहीत नव्हते. एका घरी परातीत पाणी घालून मुसळ उभे केले होते. ग्रहणात मुसळ आपोआप उभे राहते म्हणतात. बूड सपाट असेल तर ते ग्रहण नसतानाही उभे राहते, पण ग्रहण नसताना कोण उभे करून बघतो? रस्त्यावर ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ म्हणत माणसे फिरत होती. आणि सूर्य काही दिसेना. एका छायाचित्रकार मित्राने नवा कोरा रोल भरून ठेवला होता. तो गच्चीवर तासभर उभा राहिला. शेवटी त्याने कॅमेरा खाली वळवला आणि मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे, वर बघत उभ्या असलेल्या माणसांचे फोटो घेतले. मागच्या बाजूला त्याने तारीख आणि वेळ लिहिली, आणि पुढे एकच शब्द लिहिला: ढग. सूर्याचा पत्ता नसलेला तो ग्रहणाचा फोटो मला आवडतो. आमच्या गावात ग्रहण कसे झाले, हे त्यात आहे.

दहा वर्षांनी, २२ जुलै २००९ ला, पुन्हा दिव्याची आवस आणि पुन्हा खग्रास. या शतकातले सर्वांत मोठे ग्रहण. पॅसिफिक महासागरावर खग्रास काळ साडेसहा मिनिटांच्याही वर गेला. आपल्याकडे ते पहाटे, सूर्य उगवता-उगवता आले. सावली सुरतवरून आत शिरली, नंदुरबारकडचा महाराष्ट्राचा कोपरा तिच्या खाली आला आणि ती इंदूर, वाराणसी, पाटण्याकडे गेली. बिहारमधल्या तारेगणा या गावाशी परंपरा आर्यभटाचे नाव जोडते. तिथे खूप गर्दी लोटली. पण सुरतलाही ढग, तारेगण्यालाही ढग. भर सकाळी काळोख झाला, पण सूर्य दिसला नाही. वाराणसीला मात्र आभाळाने दया केली आणि घाटावरच्या लोकांना काळा सूर्य दिसला. ज्यांना जमले त्यांनी विमानातून ढगांच्या वर जाऊन पाहिले. पैसा आणि विमान असेल तर ढग हरतो. पण सगळ्यांनाच विमान कसे परवडणार?

मग ढगाखाली उभ्या असलेल्या साध्या माणसाने काय करावे? जाणकार सांगतात, की पहिली गोष्ट म्हणजे सामान आवरू नये. उन्हाने तापलेल्या जमिनीवर कापसाच्या पिंजल्यासारखे छोटे ढग तयार होतात; सूर्य झाकला जाऊ लागला की जमीन निवते आणि असे ढग कधी कधी विरून जातात. पावसाळ्याचे जाड थर मात्र हटत नाहीत. दुसरी गोष्ट, पातळ ढगातून सूर्याची कोर सौम्य दिसते म्हणून कॅमेऱ्याची आणि डोळ्यांची काळजी सोडू नये. ढग क्षणात सरकतो आणि उघड्या सूर्याची चिमूटभर कोरही डोळा अधू करू शकते. तिसरी गोष्ट, ढग उजेड खातो, म्हणून एकाच मापाने चित्रे न घेता कमी आणि जास्त अशा वेगवेगळ्या वेळांची घ्यावीत. टेनंट यांच्या ओल्या काचांना जो धडा मिळाला, तोच आजच्या डिजिटल कॅमेऱ्यालाही लागू आहे. आणि चौथी गोष्ट, सूर्य दिसत नसेल तर क्षितिजाकडे बघावे. खग्रास सावली ढगांच्या पोटावरून धावत येताना दिसते. चारी दिशांना, सावलीच्या पलीकडे, संध्याकाळसारखा तांबूस उजेड असतो. निरभ्र आकाशात सगळे सूर्याकडे बघत राहतात आणि हे बघायचे राहून जाते.

भारतातून दिसणारे पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ ला आहे, तेही पार उत्तरेला, काश्मीर-लडाखकडे. मराठवाड्यात बसून आपल्याला खंडग्रासावरच समाधान मानावे लागेल. तोवर एक काम करण्यासारखे आहे. आपापल्या गावात १९८० च्या, १९९९ च्या, २००९ च्या ग्रहणाच्या आठवणी असलेली माणसे आहेत. कुणाकडे जुने फोटो आहेत. ते जमवून ठेवावेत. कुणी काय पाहिले, कुठून पाहिले, किती वाजता पाहिले, आणि मुख्य म्हणजे काय दिसले नाही, तेही लिहावे. शाळेतल्या पोरांना सांगावे, की विजयदुर्गावरचे ओटे १८९८ चे आहेत, आणि १८६८ साली पोळ्याच्या सकाळी जमखंडीत एक माणूस ढग सरकायची वाट पाहत बसला होता.

एखाद्या शोधाच्या कागदात ‘ढग होते’ असे लिहिलेले सापडले, की तो लिहिणारा माणूस तिथे खरोखर उभा होता अशी खात्री पटते. आपल्या नोंदी वाचणाऱ्यालाही तशी खात्री वाटली पाहिजे.